सिस्टरची ओव्हर

सिस्टर मनगटावर घड्याळ उलटं बांधत. तबकडी आतल्या बाजूला, नाडीजवळ. नर्सच्या नोकरीतली जुनी सवय. आमच्या ऑफिसात पेशंट नव्हते, म्हणून त्या आमच्याच नाड्या पाहत. कोणी फार मोठ्या बाता मारायला लागला की त्या खुर्चीवरून उठत, त्याचा हात हातात घेत आणि घड्याळाकडे बघत अर्धा मिनिट गप्प उभ्या राहत. मग हात सोडून म्हणत, "चालू द्या. नाडी त ठीक हाय." त्यानंतर त्या माणसाला आपण काय बोलत होतो तेच आठवत नसे. एकदा आमच्या सरांनी दिवाळीच्या आत विदर्भातले पन्नास दवाखाने जोडायचं जाहीर केलं, तेव्हा मात्र सिस्टरांनी पूर्ण एक मिनिट मोजलं. म्हणाल्या, "फास्ट हाय. पानी प्या आधी."

आमचं ऑफिस राजापेठेत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. अलीकडे बारावीचे क्लास, पलीकडे नीटचे. जिन्यातल्या चपलांच्या ढिगातून वाट काढत वर यायचं. आम्ही पाचजण छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. सर आधी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. मी दोन वर्षं पुण्यात काढून परत आलेला, धामणगाव रेल्वेहून रोज अप-डाउन करणारा. आम्हाला कॉम्प्युटर कळायचा, दवाखाना कळायचा नाही. तो कळणारं माणूस हवं म्हणून सरांनी सिस्टरांना आणलं. त्या नुकत्याच रिटायर झाल्या होत्या.

सरांनी त्यांच्यासाठी कार्ड छापून आणलं : डोमेन एक्सपर्ट.

"डोमेन म्हंजे काय?"

"क्षेत्र," सर म्हणाले.

"मंग मी क्षेत्रपाल झाली का?" त्यांनी कार्डांची थप्पी परत केली. "निस्तं 'सिस्टर' लिहा. माहं खरं नाव त मलेच आता पेन्शनच्या कागदावर दिसते."

आणि खरंच, त्या ऑफिस सोडून अकोल्याला गेल्या तोवर आमच्यापैकी कोणी त्यांना नावानं हाक मारली नाही. मूळच्या अकोल्याच्या. तिथं जुन्या शहरात भावाचं टेलरिंगचं दुकान. घरची बोली हिंदी-उर्दू, वॉर्डाची बोली वऱ्हाडी. रागवायच्या वऱ्हाडीत, दुवा द्यायच्या उर्दूत. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर सांगत, "त्या दिवशी ड्यूटी लागलती." सकाळी आल्या की आधी हात धूत, मग प्रत्येकाच्या डब्याचं झाकण उघडून बघत. माझ्या डब्यात सलग तीन दिवस बटाटा दिसला तेव्हा त्यांनी माझ्या आईला फोन लावला. माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता, आईचा होता.

अशा बाईंच्या हाती आम्ही एआय दिला.

म्हणजे झालं असं. प्रोग्राम लिहून देणारा एआय सहाय्यक आम्ही नुकताच वापरायला लागलो होतो. साध्या भाषेत सांगायचं, तो कोड लिहितो, चालवून बघतो, चुकलं तर आपलं आपण दुरुस्त करतो. सिस्टर माझ्या शेजारी स्टूल ओढून बसत आणि चष्मा कपाळावर चढवून बघत. एका सकाळी त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"याले परवाच सांगतलं होतं ना, का बारानंतर तेरा नंबरचा बेड नसते, बारा-अ असते? तेरावर पेशंट झोपत नाई."

"सांगितलं होतं, सिस्टर. पण त्याला ते आठवत नाही. दर वेळी नवीन सुरुवात. कालचं काही राहत नाही डोक्यात."

"काईच नाई?"

"काहीच नाही."

"पन हुशार हाय."

"खूप."

सिस्टरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाल्या, "म्हंजे रोज नवा रिलीव्हर."

रिलीव्हर म्हणजे आपली पाळी संपताना येऊन आपल्याला मोकळं करणारी नर्स. ती कितीही शिकलेली असली तरी तिला आजचा वॉर्ड माहीत नसतो. चार नंबरच्या पेशंटला रात्री ताप होता, सात नंबरची म्हातारी गोळी तोंडात धरून नंतर थुंकते, हे सगळं जाणारी नर्स येणारीला सांगते. त्याला दवाखान्यात ओव्हर देणं म्हणतात.

"मंग याले ओव्हर कोन देते?" सिस्टरांनी विचारलं.

मी सांगितलं की तशी सोय आहे. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये सूचनांची एक फाईल ठेवता येते. कामाला लागण्याआधी तो दर वेळी ती वाचतो.

"अन् आपन काय लिहिलं तिच्यात?"

मी फाईल उघडली. सरांनी लिहिलेली एकच ओळ होती : 'उत्तम दर्जाचा, व्यावसायिक व निर्दोष कोड लिहावा.'

सिस्टर इतक्या हसल्या की शेजारच्या क्लासातली पोरं खिडकीत आली. "बाप्पा! नव्या नर्सले म्या सांगतलं, का पेशंटची उत्तम काळजी घे, त ते काय करन? मान डोलावन अन् उभी राहीन. तिले सांगा लागते, दर दोन घंट्यानं कुशीवर वळव. मंग तिचे हात चालते. कर डिलीट हे."

मी सरांकडे पाहिलं. सरांनी स्वतःचं मनगट दुसऱ्या हातानं झाकून घेतलं आणि होकारार्थी मान हलवली.

त्या दिवसापासून फाईलचं नाव आमच्यात 'ओव्हर' पडलं. सिस्टर सांगायच्या, मी टाइप करायचो. काही ओळी मला अजून तोंडपाठ आहेत. 'पेशंटच्या नावाच्या वर डॉक्टरचं नाव मोठं छापू नको. आजारी पेशंट हाय.' 'बटन दाबल्यावर यशस्वी असं लिहू नको, सेव्ह झालं असं लिही. दवाखान्यात ऑपरेशन यशस्वी होते, बटन होत नाई.' 'लाल रंग एकाच कामाले ठेव. सगळंच लाल केलं त जीव जाते तेव्हा कोनता रंग देशीन?'

आणखी एक ओळ होती, ती मी आजही प्रत्येक प्रोजेक्टमध्ये टाकतो. आमच्या सहाय्यकाला एक खोड होती. कोड नीट चालतो का हे बघणारी एखादी तपासणी नापास झाली की कधी कधी तो चूक शोधण्याऐवजी तपासणीच सैल करून टाकायचा. मग स्क्रीनवर सगळं पास, सगळं हिरवंगार. मी हे सिस्टरांना समजावून सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "लिही. ताप जास्त दिसते म्हनून थर्मामीटर झटकू नको." मी लिहिलं आणि खाली त्याचा अर्थ माझ्या भाषेत दिला. त्यानंतर त्यानं तपासण्यांना हात लावला नाही. नापास झालेलं तसंच दाखवायचा आणि कारण सांगायचा.

मी शब्द बदलायचो नाही, सिस्टर बोलतील तसंच टाइप करायचो. त्याचा परिणाम असा झाला की महिनाभरात सहाय्यकही वऱ्हाडी बोलायला लागला. कोडमध्ये बदल केला की तो एक टीप लिहून ठेवतो. त्या टिपा हळूहळू आमच्यासारख्या दिसायला लागल्या. पुण्याच्या एका कंपनीला आमचं काम बघायचं होतं, तेव्हा व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मॅडमनी त्या टिपा वाचायला घेतल्या.

"'लॉगिनचं बटन काहून दबत नव्हतं ते पाहिलं. आता दबते,'" त्यांनी वाचलं. पुढची वाचली. "'तारखेत गडबड होती. दोन जागी सुधारली, तिसरी जागा पाहून राहिलो.' हे कोण लिहितं?"

सर म्हणाले, "आमचा एआय."

"तो अमरावतीचा आहे?"

"नव्हता," सर म्हणाले. "झाला."

पलीकडे कोणीतरी माइक बंद करायचा विसरून हसलं. काम मात्र आम्हाला मिळालं. मॅडम शेवटी म्हणाल्या की इतक्या स्पष्ट टिपा त्यांच्याकडची माणसंसुद्धा लिहीत नाहीत. सिस्टर कोपऱ्यात बसल्या बसल्या पुटपुटल्या, "मंग त्यायले ओव्हर कोन देते, इचारा."

आता जे घडलं ते सांगतो. सिस्टरांची आठवण सांगायची तर ते टाळता येत नाही, आणि त्यात चूक माझी आहे.

ओव्हर वाढत गेली. सिस्टर रोज बसस्टॉपवरून, भाजीवाल्याकडून, आंघोळ करताना आठवलेली एखादी नवी ओळ घेऊन येत. ओळीमागे कारण, कारणामागे एखाद्या पेशंटची गोष्ट. चार पानं झाली, सात झाली. मला मजा वाटायची, पण काम बिघडायला लागलं. फाईल लांबली की सहाय्यकाचं लक्ष फाटतं. पहिल्या पानावरचं पाळायचा, पाचव्यावरचं सोडून द्यायचा. एकदा तर बेड बारा-अ बरोबर छापला आणि पेशंटचं वय गाळलं.

त्याच सुमारास अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यानं आमचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. आधी पुरुषांच्या वॉर्डात चालवून बघणार होते. सिस्टर तिथल्या नर्सेसना शिकवायला आठ दिवस अकोल्याला गेल्या. इकडे मी एका दुपारी बसून ओव्हर छाटली. सात पानांचं एक पान केलं. गोष्टी काढल्या, कारणं काढली, फक्त हुकूम ठेवले. सिस्टरांना विचारलं नाही. त्यांना वाईट वाटेल असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे त्या नाही म्हणतील याची मला भीती होती.

आणि काम एकदम सुधारलं. सहाय्यक चपळ झाला, काही विसरेना. मी स्वतःवर खूश होतो.

दवाखान्यानं मग प्रत्येक बेडला लावायचं एक कार्ड मागितलं. नाव, वय, आजार, चालू औषधं, ॲलर्जी. मी सहाय्यकाला सांगितलं, त्यानं तासाभरात सुबक कार्ड बनवून दिलं. मी छापील नमुने बघितले, छान दिसत होते. जुन्या रजिस्टरातली माहिती कॉम्प्युटरात आधीच भरलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेलो. दहाच्या सुमारास एकतीस कार्डं एकतीस बेडांना लागली. वॉर्डच्या इन्चार्ज नर्स वैशालीताई म्हणाल्या, "चांगलं झालं बाई, आता रजिस्टरात डोकं घालायचं काम नाही." मी दारात उभा राहून फोटो काढत होतो.

सिस्टर एकेका बेडपाशी थांबून कार्ड वाचत पुढं चालल्या होत्या. नऊ नंबरवर मंडप-डेकोरेशनचं काम करणारे एक गृहस्थ होते. पायात खिळा घुसून जखम चिघळलेली. पायाशी त्यांची बायको बसलेली. वैशालीताई ट्रे घेऊन आल्या होत्या, सिरिंजमध्ये औषध भरलेलं होतं. पेनिसिलिनच्या घराण्यातलं.

सिस्टरांनी कार्ड वाचलं आणि वैशालीताईंच्या हातावर हात ठेवला.

"थांब. याहिले ॲलर्जी नाई हे कोनं इचारलं?"

"कार्डावर छापून आलं ना, सिस्टर. ॲलर्जी : नाही."

"ते दिसते मले. इचारलं कोनं?"

वैशालीताईंनी माझ्याकडे पाहिलं. सिस्टर पेशंटकडे वळल्या. "भाऊ, कोन्या गोळीनं, इंजेक्शननं कधी तरास झाला का?"

"नाई जी. तसं काई नाई."

मला हायसं वाटलं. सिस्टर मात्र हलल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या. "बरं. अंगावर कधी गांधी उठल्या का? तोंडबिंड सुजलं? दम लागला?"

पेशंटनं बायकोकडे पाहिलं. बायकोच बोलली. "मागच्या साली नाई का, लग्नाच्या सीझनमंदी? खोकल्याचं इंजेक्शन घेतलं अन् घरी येता येता डोये सुजून बंद झाले याहिचे. छातीत घरघर. परत नेलं दवाखान्यात, रातभर ठिवलं होतं."

"ते उनानं झालतं," पेशंट म्हणाला.

"उनानं डोये बंद होते का जी!" बायको म्हणाली.

वैशालीताईंनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. ठेवताना ट्रे वाजला. बाकी वॉर्डात सगळं तसंच चालू होतं. कोणीतरी रेडिओ लावला होता, एक जण केळं सोलत होता.

मी भिंतीला टेकलो होतो. सिस्टर माझ्यापाशी आल्या, माझं मनगट धरलं, घड्याळ बघितलं. "एकशे अठरा. बस खाली."

मी बसलो. त्यांनी एकट्यानं फिरून एकतीसच्या एकतीस कार्डं काढली. वैशालीताईंना म्हणाल्या, "जुनं रजिस्टर काढ. आजपासून कागदावर. अन् ज्याच्या ज्याच्या पुढं ॲलर्जीचा रकाना कोरा हाय, त्याले तू स्वतः इचार. एका परीनं नाई, तीन परीनं इचार." मग डॉक्टरांना बोलावून स्वतः सांगितलं की चूक आमच्या सॉफ्टवेअरची आहे, पेशंटला काही झालेलं नाही, इंजेक्शन दिलेलं नाही. डॉक्टर भडकले. हे आजच्या आज बंद करा म्हणाले. "बंद केलं, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "आता काहून झालं ते शोधते, अन् मंग तुमाले सांगते. तुमी ऐकून ठरवा." माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

का झालं, ते मला कार्डं निघेपर्यंतच कळलं होतं. मी लॅपटॉप उघडून ओव्हर बघितली. माझ्या एका पानात ओळ होती : 'ॲलर्जीचा रकाना बदलू नको.' सहाय्यकानं तो रकाना बदललाच नव्हता. माहितीत तो कोराच होता. पण कार्ड नवीन, त्यावर कोरी जागा वाईट दिसते, म्हणून कोऱ्याच्या जागी त्यानं छापताना 'नाही' घातलं. हुकूम अक्षरशः पाळला.

जुनी फाईल माझ्याकडे होती. तिच्यातली ओळ अशी होती : 'ॲलर्जीचा रकाना कोरा असन त कोराच दिसू दे. कोरा म्हंजे नाई, असं नसते. कोरा म्हंजे कोनं इचारलंच नाई. इचारल्याबिगर नाई म्हनाचा हक कोनालेच नाई.' आणि खाली एका पेशंटची गोष्ट. ती वाचून कोणालाही कळलं असतं की हे फक्त कॉम्प्युटरात भरलेल्या रकान्याबद्दल नाही, तो जिथं जिथं छापून दिसेल तिथलंही आहे. ते सगळं मी गोष्ट म्हणून काढून टाकलं होतं.

दुपारी सिस्टर मला भावाच्या दुकानात घेऊन गेल्या. भाऊ जेवायला घरी गेलेला. कटिंगचं मोठं टेबल रिकामं होतं. भावजयीनं पाठवलेली खिचडी माझ्यापुढं ठेवून त्या म्हणाल्या, "बोल."

मी सगळं सांगितलं. छाटल्याचं, न विचारल्याचं, घाबरल्याचं. सिस्टर ऐकत राहिल्या. मला वाटलं आता वऱ्हाडी सुरू होईल.

"लांब झालती ना फाईल?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काम बिघडून राहिलं होतं?"

"हो."

"मंग मले सांगाचं होतं, भैताडा. म्या सोता कापली असती." एवढंच रागवल्या. मग ताटलीतल्या लोणच्याकडे बघत म्हणाल्या, "माहीबी चूक हाय. ओव्हर देताना सीरियस पेशंट पयले सांगा लागते. म्या बटनाचं अन् लाल रंगाचं अन् ॲलर्जीचं, सगळं एकाच आवाजात सांगतलं. ऐकनारानं काय धराचं, काय सोडाचं? छत्तीस वर्सं दुसऱ्यायले हेच शिकवलं, अन् सोता इसरली."

मला त्या क्षणी रडू आलं. सिस्टरांनी ते बघितलं आणि खिचडी वाढली.

मग त्यांनी जुनी सात पानं दुकानाशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायला लावली. भावाची मोठी कात्री घेतली आणि टेबलावर एकेक ओळ कापून तिची पट्टी केली. तीन ढीग करायचे ठरले. पहिला जिवाचा, दुसरा कामाचा, तिसरा सिस्टरांच्या हौसेचा. एकेक पट्टी वाचून त्या स्वतःच ठरवत होत्या.

"डॉक्टरचं नाव लहान छापा... हौस."

"लाल रंग?"

"जीव."

"'यशस्वी' लिहू नको?"

पट्टी त्यांनी एका ढिगाकडे नेली, परत आणली. "हौस," शेवटी म्हणाल्या आणि मग ती पट्टी हळूच कामाच्या ढिगात सरकवली. मी पाहिलं आणि पुढची पट्टी त्यांच्या हातात दिली.

संध्याकाळी भाऊ परत आला तेव्हा त्याच्या कटिंग टेबलावर कागदाच्या चिंध्यांचे तीन ढीग आणि बहिणीच्या हातात त्याची कापडाची कात्री. टेलर माणूस, कापडाच्या कात्रीनं कागद कापला तर धार जाते. "या अल्ला! आपा, कागज पे चला दी?" तो ओरडला. सिस्टरांनी त्याचा हात धरून नाडी बघायला घेतली. त्यानं हात सोडवून घेतला. एवढं धाडस करणारा मी बघितलेला तो एकटाच.

हौसेचा ढीग सगळ्यांत मोठा निघाला. जिवाच्या ढिगात पाच पट्ट्या उरल्या. त्या पाच आम्ही फाईलच्या सुरुवातीला लिहिल्या, प्रत्येकीखाली कारण, एका वाक्यात. गोष्ट नाही, पण कारण. कामाच्या अकरा ओळी त्याखाली. सगळं मिळून दीड पान.

ते लिहून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "समजलं का त्याले, हे कसं कयते?"

मी सांगितलं, मुद्दाम वेगळं काम देऊन बघू. ॲलर्जीचा शब्दही न काढता मी सहाय्यकाला पेशंट दुसऱ्या दवाखान्यात हलवताना द्यायची चिठ्ठी बनवायला सांगितली. ती त्यानं बनवली. कोऱ्या रकान्यापुढं छापलं होतं : 'विचारलेले नाही.' आणि मला खाली प्रश्न केला होता, 'रक्तगटाचा रकानाबी काही पेशंटचा कोरा हाय. तिथंबी असंच ठेवू का?'

रक्तगटाचं आम्ही कुठंच लिहिलं नव्हतं. सिस्टरांनी तो प्रश्न दोनदा वाचला. मग भावाला हाक मारून म्हणाल्या, "चाय मंगाओ. तीन कप." मग मला म्हणाल्या, "याले पीता आला असता त चार सांगतले असते."

सिस्टरांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, पाच ओळी वाचून दाखवल्या. डॉक्टरांनी महिनाभर कागद आणि कॉम्प्युटर दोन्ही सोबत चालवायची अट घातली. आम्ही तसं चालवलं. वैशालीताईंनी स्वतः तीन ओळी सुचवल्या, त्यातली एक जिवाच्या ढिगात गेली. महिन्यानंतर दवाखान्यानं कागद बंद केला. मंडपवाले भाऊ पाय बरा होऊन कधीच घरी गेले होते. जाताना त्यांच्या बायकोनं त्यांच्या आधार कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये सिस्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी घातली : या माणसाला पेनिसिलिन देऊ नये.

पुढच्या वर्षी सिस्टर अकोल्याला राहायला गेल्या. नर्सिंगच्या मुलींना शिकवायला बोलावलं होतं. शेवटच्या आठवड्यात म्हणाल्या, "मले बी ते चालवाले शिकव." मला वाटलं गंमत करताहेत. पण त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. मोहल्ल्यातल्या बायांपैकी कोणाची शुगर, कोणाचं बीपी कधी तपासायचं आहे, याची यादी त्यांना करायची होती. कोणी दोन महिने आली नाही तर दिसलं पाहिजे, म्हणजे जाऊन दार वाजवता येईल.

मी त्यांच्या लॅपटॉपवर सहाय्यक लावून दिला, कसं बोलायचं ते दाखवलं आणि माझ्या कामाला लागलो. त्या दोन बोटांनी टाइप करत होत्या. दिवसभर एक प्रश्न विचारला नाही. चौथ्या दिवशी यादी चालायला लागली. साधी होती, पण चोख. मी विचारलं, कोडबिड काही कळलं का?

"काईच नाई," त्या आनंदानं म्हणाल्या.

त्या हात धुवायला गेल्या तेव्हा मी त्यांचं फोल्डर उघडलं. यादीच्याही आधी, पहिल्याच दिवशी, त्यांनी सूचनांची फाईल बनवली होती. पाचच ओळी. मोहल्ल्यातल्या बायांबद्दलच्या चार ओळी खाली होत्या. सगळ्यांत वर, जिवाच्या ढिगाच्या जागी, त्यांनी लिहिलं होतं :

'मले प्रोग्राम कयत नाई. मी हो म्हटलं तरी मले समजलं असं धरू नको. परत सोपं करून सांग.

कारन : छत्तीस वर्सं पेशंट मले हो सिस्टर, हो सिस्टर म्हनत आले.'